फाटकाच्या बिजागरीतला लाल दोरा

आमच्या मागच्या फाटकाच्या वरच्या बिजागरीत लाल लोकरीचा एक दोरा अडकवलेला होता. फाटक उघडलं की तो घासायचा, बंद केलं की पुन्हा घासायचा. दोरा झिजून तुटेल तेव्हा बाळाचं दुखणं संपलेलं असेल, असं ज्यांनी तो तिथं बांधला त्यांचं म्हणणं होतं. मी इंजिनिअर आहे. माझे बाबा अंनिसच्या शिबिरांत जळता कापूर जिभेवर ठेवून दाखवायचे आणि मग त्यामागचं विज्ञान सांगायचे. तरीही त्या महिन्यात मी ते फाटक गरजेपेक्षा दोन-तीनदा जास्तच उघडत होतो, हे आधीच कबूल करून टाकतो.

आम्ही अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या बर्क्स काउंटीत राहतो. रेडिंग शहराच्या उत्तरेला, कुट्झटाउनच्या बाजूला. मक्याची शेतं, दगडी घरं, लाल कोठारं आणि कोठारांच्या भिंतींवर रंगवलेल्या भल्यामोठ्या गोल चांदण्या. पर्यटकांना सांगतात की या चांदण्या चेटकिणींना पळवून लावतात. शेजारच्या आजींना मी पहिल्याच वर्षी याबद्दल विचारलं तेव्हा त्या हसल्या होत्या. "छान दिसावं म्हणून काढतात रे. नुसतं छान दिसावं म्हणून." पुढं वाचनात आलं की चेटकिणीची गोष्ट पसरवण्यात वॉलेस नटिंग या लेखक-छायाचित्रकाराच्या १९२४ सालच्या एका पुस्तकाचा मोठा हात होता. गावातले लोक त्यांना साधं 'तारे' किंवा 'फुलं' म्हणायचे.

या आजींना सगळी गल्ली 'ग्रॅमी' म्हणते, म्हणून आम्हीही. वय चौऱ्याऐंशी. त्यांचं इंग्रजी आमच्यापेक्षा वेगळ्याच चालीचं आहे, कारण शाळेत जाईपर्यंत त्यांनी इंग्रजी ऐकलंच नव्हतं. घरची भाषा पेनसिल्व्हेनिया डच. यातल्या 'डच'चा हॉलंडशी संबंध नाही. तो 'डॉइच', म्हणजे जर्मन. १६८३ साली फिलाडेल्फियाजवळ जर्मनटाउन वसलं तेव्हापासून पुढची शंभरेक वर्षं ऱ्हाइन नदीच्या काठचे, विशेषतः पॅलाटिनेट भागातले लोक इकडं येत राहिले. लढायांनी, करांनी आणि उपासमारीने पिचलेले शेतकरी आणि कारागीर. जहाजाचं भाडं नसलं तर पोचल्यावर काही वर्षं कुणाकडं तरी करारावर राबून ते फेडायचं. आमिश लोक त्यातलेच, पण थोडे. बहुसंख्य लोक साधे ल्युथरन आणि रिफॉर्म्ड चर्चवाले होते. ग्रॅमी त्यांच्यातल्या.

त्यांच्याकडं वर्षभराचं एक वेळापत्रक असतं. एक जानेवारीला डुकराचं मांस आणि आंबवलेला कोबी खायचा. कोंबडी खाल्ली तर वर्ष वाईट जातं, कारण कोंबडी मागं उकरते आणि डुक्कर नाकाने पुढं उकरतं. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी हिरवी भाजी खायचीच, म्हणजे वर्षभर आजारपण नाही. येशूच्या स्वर्गारोहणाच्या दिवशी सुई हातात धरायची नाही, घरावर वीज पडते. जमिनीखाली वाढणारं पीक चंद्र उतरत असताना लावायचं, वर वाढणारं चंद्र चढत असताना. दोन फेब्रुवारीला बिळातला प्राणी बाहेर येऊन स्वतःची सावली बघतो की नाही यावरून थंडी किती उरली ते ठरवायचं. जर्मनीत हे काम बिज्जूकडं होतं, इथं ते ग्राउंडहॉगला मिळालं. १८८७ पासून पंक्सटॉनी गावात त्याचा चक्क सोहळा होतो आणि आता अख्खा देश तो टीव्हीवर बघतो. हे सगळं मी गंमत म्हणून ऐकत होतो. आमची लेक जन्मेपर्यंत.

ती ऑगस्टमध्ये जन्मली. सहा पौंड सहा औंस. सगळीच बाळं पहिल्या आठवड्यात थोडी उतरतात आणि मग चढतात. आमची उतरली आणि तिथंच राहिली. सहाव्या आठवड्यात ती जेमतेम जन्माच्या वजनावर आली होती. दवाखान्याच्या ॲपमध्ये वाढीचा एक तक्ता दिसायचा. त्यात इतर बाळांच्या वाढीच्या रेघा कमानीसारख्या वर जाणाऱ्या, आणि आमची खाली, जमिनीला धरून सरपटणारी. मी तो तक्ता रात्री तीनला उघडायचो, जणू मी बघितल्याने तो बदलणार होता. बायको दूध पाजून पाजून रडायची. डॉक्टर म्हणाल्या, तपासण्या करू, दूध पिण्याबद्दलच्या तज्ज्ञ नर्सची भेट घ्या. ती भेट बारा दिवसांनी होती.

सातारहून आई रोज व्हिडिओ कॉल करायची. तिने एकदाच, बाबा खोलीत नसताना, हळू आवाजात विचारलं, "बाळाला बघायला कोण कोण आलं होतं रे?"

मी फोन ठेवला. आणि मग फोनच्या नोट्समध्ये नावं लिहिली. सात नावं झाली. सगळ्यात वर आमच्या एका मैत्रिणीचं. तिचा आदल्या वर्षी पाचव्या महिन्यात गर्भपात झाला होता. बाळाला मांडीवर घेऊन ती बराच वेळ काही न बोलता बसली होती आणि जाताना म्हणाली होती, "किती गोड आहे गं." मी ते नाव का लिहिलं, हे तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, सहज. पण मी बारशाच्या यादीतून तिला वगळलं. बायकोने विचारलं तर म्हणालो, राहिलं असेल.

ग्रॅमी त्या आठवड्यात ॲपल बटरची बरणी घेऊन आल्या. बाळाला बघितलं, दंडाला हात लावला आणि एक शब्द उच्चारला: 'आबनेम्मे'. म्हणजे उतरत जाणं, झिजत जाणं. त्यांच्या लोकांत तान्ह्या मुलांच्या या दुखण्याला स्वतंत्र नाव आहे, कारण एके काळी ते घरोघरी होतं. जवळच्या चर्चमागच्या दफनभूमीत जुन्या दगडांमध्ये गुडघ्याएवढेसुद्धा नसलेले दगड आहेत. त्यावर वर्षं नसतात, महिने आणि दिवस असतात. ग्रॅमी म्हणाल्या, "मी हिच्यासाठी करू का?"

त्यांच्या भाषेत याला 'ब्राउखे' म्हणतात. इंग्रजीत याचं नाव 'पॉववॉव'. हा शब्द मुळात इथल्या मूळनिवासींचा, त्यांच्या वैदूसाठीचा. तो इंग्रजांनी उचलला आणि जर्मनांच्या मंत्रतंत्राला चिकटवला. करणारा माणूस कुणी भगत किंवा मांत्रिक नसतो. तो शेतकरी असतो, लोहार असतो, कुणाची तरी मावशी असते. त्याने पैसे मागायचे नसतात आणि ज्याच्यासाठी केलं त्याने आभार मानायचे नसतात.

मी बायकोकडं बघितलं. ती फार्मसिस्ट आहे. तिने तिच्या पद्धतीने विचार केला. "बाळाच्या पोटात काही जाणार आहे का?" नाही. "भेट रद्द करायची आहे का?" नाही, ग्रॅमीच म्हणाल्या, ती तर करायचीच. "मग करू दे."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉवेल अंथरून बाळाला ठेवलं. ग्रॅमींनी लाल लोकर डोक्यापासून टाचेपर्यंत धरून मापली आणि तोडली. डोक्यावरून पायापर्यंत तीनदा हात फिरवला, तीनदा फुंकर घातली, अंगठ्याने तीन क्रूस काढले. ओठ हलत होते, शब्द ऐकू येत नव्हते. बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा एवढं शेवटी कळलं. सगळं मिळून चार मिनिटं. मग त्या स्वतः मागच्या फाटकाशी गेल्या आणि दोरा बिजागरीत अडकवला. मी "थँक..." एवढं म्हणालो आणि थांबलो. त्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या अंगणातली सगळी पानं मी गोळा केली.

त्यानंतरच्या रात्री मी तक्ता बघण्याऐवजी वाचू लागलो. या विद्येचं सगळ्यात प्रसिद्ध पुस्तक आमच्या घरापासून अर्ध्या तासावर, रेडिंगमध्ये, १८२० साली छापलं गेलं. 'डेर लांग फेरबोर्गने फ्रॉइंड', म्हणजे दीर्घकाळ दडून राहिलेला मित्र. लेखक योहान गेओर्ग होमान, १८०२ साली बायकोमुलासह इथं आलेला, करारावर राबलेला गरीब माणूस. पुस्तकात दातदुखी, भाजणं, रक्त थांबवणं, पिसाळलेला कुत्रा, चोराला जागच्या जागी खिळवून ठेवणं, मासे पकडणं आणि चांगली बीअर बनवणं, असं सगळं एकाच दमात आहे. सुरुवातीला त्याने बरे केलेल्या शेजाऱ्यांची नावंगावं दिली आहेत, आजच्या रिव्ह्यूंसारखी. हे पुस्तक जवळ बाळगणारा पाण्यात बुडणार नाही, आगीत जळणार नाही, असंही आश्वासन आहे. माणसं ते खिशात घेऊन फिरायची.

हसू येतं. पण त्याच काळातला शिकलेला डॉक्टर काय करत होता तेही बघावं लागतं. १७९३ साली फिलाडेल्फियात पिवळ्या तापाची साथ आली तेव्हा बेंजामिन रश हे देशातलं मोठं नाव होतं, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केलेला माणूस. त्यांचा इलाज होता भरपूर रक्त काढणं आणि पाऱ्याचं जुलाब देणं. त्यापुढं लाल लोकर आणि फुंकर यांनी निदान कुणाला मारलं नाही. ऱ्हाइनच्या काठावरून आलेल्या त्या बाईला डॉक्टर परवडत नव्हता, आणि परवडला असता तरी तो न परवडलेलाच बरा होता.

असंच वाचता वाचता एका रात्री मी चमकलो. जर्मनीत मेर्सेबुर्ग गावाच्या कॅथेड्रलच्या ग्रंथालयात १८४१ साली काही जुने मंत्र सापडले, दहाव्या शतकातल्या हस्तलिखितात. त्यातला एक घोड्याच्या मुरगळलेल्या पायासाठी आहे: हाडाला हाड, रक्ताला रक्त जुळवणारा. आडालबेर्ट कून या जर्मन अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिलं की अथर्ववेदात मोडलेल्या अवयवासाठी जवळजवळ याच घडणीचं सूक्त आहे. दोन्हींचं मूळ एक की माणसाचं दुखणं एक, यावर वाद आहे. मी बाळाला खांद्यावर घेऊन अंधारात उभा होतो आणि मला वाटलं, ग्रॅमी फार लांबच्या नाहीत.

मग मी १९२८ सालाशी पोचलो.

याच राज्यात, दक्षिणेला यॉर्क काउंटीत, जॉन ब्लायमायर नावाचा माणूस होता. तिशी ओलांडलेला, पिढीजात पॉववॉव करणारा. पाच वर्षांचा असताना तो झिजत चालला होता. दुखणं तेच, आबनेम्मे. आर्थर लुईस यांनी १९६९ साली या प्रकरणावर 'हेक्स' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यानुसार घरच्यांना जमेना तेव्हा त्याला नेल्सन रेमायर नावाच्या शेतकऱ्याकडं नेलं गेलं आणि रेमायरने त्याला बरं केलं. मोठेपणी ब्लायमायरवर एकामागून एक संकटं आली. मुलं तान्ही असतानाच गेली. झोप उडाली, अंग उतरू लागलं. त्याची खात्री पटली की आपल्यावर कुणीतरी करणी केली आहे. कुणी, एवढंच कळत नव्हतं. तो या जाणत्याकडून त्या जाणत्याकडं फिरत राहिला. शेवटी मॅरिएटाच्या एका म्हातारीने नाव सांगितलं: नेल्सन रेमायर. ज्याने त्याला लहानपणी वाचवलं होतं तोच.

उपाय सांगितला गेला की रेमायरच्या केसांची बट आणून जमिनीत पुरायची आणि त्याच्याकडचं होमानचं पुस्तक जाळायचं. २७ नोव्हेंबर १९२८ च्या रात्री ब्लायमायर दोन पोरांना घेऊन त्याच्या घरी गेला. जॉन करी चौदा वर्षांचा, विल्बर्ट हेस अठराचा. हेसच्या घरच्यांनाही आपल्या शेतीला रेमायरची करणी बाधली आहे असं पटवलेलं होतं. झटापट झाली आणि तिघांनी त्याला मारून टाकलं. मग प्रेताला आग लावली, पण घर जळलं नाही. जानेवारी १९२९ मध्ये खटला चालला, देशभरातून पत्रकार आले. ब्लायमायर आणि करीला जन्मठेप झाली, हेसला दहा ते वीस वर्षं. शत्रूपासून रक्षण करणारं ते पुस्तक रेमायरकडं होतंच.

हे वाचून झालं तेव्हा पहाटेचे साडेचार वाजले होते. मला झोप आली नाही. सकाळी मी बायकोला सांगितलं की एक चक्कर मारून येतो आणि दोन तास गाडी चालवत यॉर्क काउंटीच्या त्या दरीत गेलो. लोक तिला 'हेक्स हॉलो' म्हणतात. रस्ता अरुंद, दोन्हीकडं झाडी, नोव्हेंबरातला निष्पर्ण उतार. घर अजून उभं आहे, पांढरं, साधं, आपल्याकडच्या मळ्यातल्या घरासारखं एकटं. खाजगी जागा आहे म्हणून मी रस्त्यावरच थांबलो. बघण्यासारखं काही नव्हतं.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. रेमायरने पाच वर्षांच्या मुलासाठी जे केलं ते बहुधा ग्रॅमींनी केलं तसंच असणार. माप, फुंकर, प्रार्थना. आता काय करायचं, या प्रश्नाचं ते एक उत्तर होतं. चुकीचं असेल, पण त्यात दुसरा माणूस नव्हता. ब्लायमायरने तीस वर्षांनी दुसरा प्रश्न विचारला: हे कुणी केलं? त्या प्रश्नाला उत्तर म्हणून माणूसच लागतो. आणि तो बहुतेक वेळा जवळचा असतो, एकटा असतो, ज्याच्या बाजूने बोलायला फार कुणी नसतं असा असतो.

मी रस्त्याकडेला गाडीत बसून फोन काढला आणि नोट्स उघडल्या. सात नावं. सगळ्यात वर तिचं. आईने एक प्रश्न विचारला होता, यादी मी केली होती. मी, कापराचं विज्ञान पाठ असलेला. मला दृष्टीवर विश्वास नव्हता, तरी संशयावर होता. दोन्ही वेगळे आहेत असं समजून मी इतकी वर्षं स्वतःला विज्ञानवादी म्हणवत होतो. नोट पुसली. मग तिथूनच मैत्रिणीला फोन केला आणि बारशाला बोलावलं. उशीर झाल्याबद्दल काहीतरी थाप मारली. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "मला वाटलं होतं तुम्ही मला बोलावणार नाही." तिला कळलं होतं. असं काही लपत नसतं.

बाळाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. नर्सची भेट झाली होती. तिने दहा मिनिटं बाळाला दूध पिताना बघितलं आणि जिभेखालचा पडदा आखूड असल्याचं सांगितलं. बाळ ओढायचं, दमायचं आणि अर्ध्या पोटी झोपायचं. तो पडदा कापला, काही आठवडे काढलेलं दूध मोजून बाटलीने पाजलं. नोव्हेंबर संपता संपता तक्त्यावरची रेघ वर वळली. बारशाला ती साडेदहा पौंडांची होती आणि तिला पाळण्यात मैत्रिणीनेच घातलं.

दोरा मार्चमध्ये तुटला. कधी ते कळलंच नाही. बर्फ वितळल्यावर एक दिवस बघितलं तर बिजागरीत दोन लाल तुसं उरली होती. वजनाच्या तक्त्याला त्याची काही खबर नव्हती. मी ग्रॅमींना सांगायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "बघ," आणि कॉफी ओतली. मीही "बघ" असंच म्हणालो. दोघांच्या मनात वेगवेगळं होतं आणि त्याने कॉफीला काही झालं नाही.

त्याच दिवशी त्यांनी मला विचारलं. ही विद्या बाईने पुरुषाला आणि पुरुषाने बाईला द्यायची असते. त्यांना आजोबांकडून मिळाली होती. आता त्यांना ती पुरुषालाच देता येईल. मुलगा ॲरिझोनात असतो, त्याला हे सगळं लाजिरवाणं वाटतं. नातू फोनवर हसला. "तू शिकशील का?"

मी खरं ते सांगितलं. "माझा यावर विश्वास नाही."

"तुला विश्वास कोण विचारतंय? पाठांतर जमेल का?"

मी थोडा वेळ मागितला. बाबांना फोन केला. मला वाटलं ते चिडतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या कुणाकडून पैसे घेतात?" नाही. "डॉक्टरकडं जाऊ नका म्हणतात?" नाही. "कुणाचं नाव घेतात?" कधीच नाही. मग ते म्हणाले, "शीक. पण नोंद म्हणून शीक, आणि वापरशील तेव्हा आधी डॉक्टर." फोन ठेवताना त्यांनी चालही ऐकवायला सांगितलं, तर मी म्हणालो, ती फक्त बाईला ऐकवता येते. बाबा खूप हसले.

ग्रॅमी आता वृद्धाश्रमात आहेत. मी महिन्यातून दोनदा जातो. अजून एकच पाठ झालंय, भाजल्यावरचं. आठ ओळी, अशा बोलीत जिचे अर्धे शब्द मला कळत नाहीत. माझे उच्चार ऐकून त्या डोळे मिटून घेतात.

गेल्या महिन्यात लेकीने तव्याला बोट लावलं. वीस मिनिटं थंड पाण्याच्या नळाखाली बोट धरून आम्ही उभे होतो. ती किंचाळत होती आणि वीस मिनिटं फार लांब असतात. पाणी चालू असतानाच मी ते शब्द म्हणू लागलो, चुकत माकत, आणि शेवटी तीनदा फुंकर घातली. ती रडायची थांबली आणि माझ्या तोंडाकडं बघायला लागली. मग पुढं बोट करून म्हणाली, "अजून."